रिझर्व्हचा दिवा आणि गाडीचा पंप



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, 'सर, छापण्यात काही चूक झालीय का?' चूक नाही. टाकीत पेट्रोल कमी ठेवून गाडी चालवली तर गाडीचं नुकसान होतं का, हाच विषय आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसाने यात कशाला पडावं, असं तुम्हाला वाटेल. मी यात पडलो त्याचं कारण साधं आहे. या समजुतीच्या आधारावर मी एका माणसाच्या पगारातून तीन हजार रुपये कापले होते.

हकीकत अशी. २०१८ साली माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि गाडी चालवायला मी एक मुलगा ठेवला. चोवीस-पंचवीस वर्षांचा असेल. हात चांगला, बोलणं कमी. गाडीला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. एके दिवशी सिग्नलला उभी असताना गाडी बंद पडली, ती पडलीच. स्टार्टर फिरतोय, इंजिन काही धरत नाही. ओढत गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकने तपासलं आणि म्हणाला, 'काका, टाकीतला पंप गेलाय. गाडी रिझर्व्हवर चालवत होतात का?' मी मुलाकडे बघितलं. मुलाने मान खाली घातली. काटा कायम खाली असतो हे मलाही दिसत होतं. झालं! आरोपी समोर, गुन्हा कबूल. साडेसात हजार बिल झालं, महिनाअखेरीस मी त्यातले तीन हजार त्याच्याकडून कापले. तो काही बोलला नाही. पुढच्या महिन्यात त्याने काम सोडलं.

आणि मी आयुष्यभर वर्गात काय शिकवलं? अनुमान! (हशा)

तर तो निकाल आज पुन्हा तपासायचा आहे. त्यासाठी आधी टाकीत उतरावं लागेल.

माझ्या वयाच्या लोकांना स्कूटरचा पेट्रोल कॉक आठवत असेल. त्यात पंप-बिंप काही नव्हतं, पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरायचं. टाकीच्या तळाशी दोन वाटा असायच्या. एक नळी थोडी उंच, दुसरी तळाला टेकलेली. उंच नळीच्या तोंडाखाली पेट्रोल गेलं की स्कूटर आचके द्यायची, मग आपण कॉक रिझर्व्हवर फिरवायचो. तेही संपलं की स्कूटर आडवी करायची, पुन्हा उभी करायची आणि किक मारायची. म्हणजे रिझर्व्ह ही वेगळी टाकी नव्हे. त्याच टाकीचा तो तळ.

आता तळाला काय असणार? गाळ. टाकी लोखंडी, आतून गंजलेली, पेट्रोलही फार स्वच्छ असायचं असं नाही. वरच्या नळीने वर्षभर पेट्रोल घेतलं आणि एक दिवस अचानक तळाचं घेतलं, की कचरा कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रात जाऊन बसायचा. तेव्हा 'रिझर्व्हवर चालवू नकोस, कचरा येईल' हा वडीलधाऱ्यांचा सल्ला खुळचट नव्हता. त्या स्कूटरपुरता तो बरोबर होता.

पण आजच्या मोटारीत दोन वाटा नसतात. पंपाचं तोंड कायम तळालाच असतं. टाकी गळ्यापर्यंत भरलेली असो की दिवा लागलेला असो, पेट्रोल तळातूनच उचललं जातं. त्यामुळे गाळ असेल तर तो भरल्या टाकीतही येणारच. त्यासाठी तोंडाला बारीक जाळी असते, पुढे फिल्टर असतो. अगदी शेवटच्या लिटरमध्ये गाळ थोडा जास्त ढवळला जाईल, हे मी मान्य करतो. पण 'टाकी कमी, म्हणून कचरा' हे मोटारीच्या बाबतीत बरंचसं स्कूटरच्या आठवणीवर चाललेलं आहे.

दुसरा मुद्दा पाण्याचा. रिकाम्या टाकीत हवा असते, हवेत बाष्प असतं, रात्री गारवा आला की त्याचं पाणी होतं. तत्त्व बिनचूक आहे. पण किती पाणी? हा प्रश्न आपण विचारतच नाही. चला, हिशोब करू. तीस अंशांना पूर्ण दमट हवेत एका घनमीटरला साधारण ३० ग्रॅम बाष्प मावतं, वीस अंशांना १७ ग्रॅम. टाकीत ३० लिटर हवा आहे असं धरा. तापमान तीसवरून वीसवर आलं तर किती पाणी सुटेल? अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. आठ-दहा थेंब. तेही टाकीत शुद्ध हवा आहे असं मानून. प्रत्यक्षात तिथे बरीचशी पेट्रोलची वाफ असते. शिवाय आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे, २०२३ पासून वीस टक्क्यांचं मिश्रण आलं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, एवढं-तेवढं पाणी पेट्रोलबरोबर जळून जातं. पाणी जास्त झालं तर मात्र इथेनॉल आणि पाणी दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात. पण तेवढं पाणी यायला पावसाचं पाणी टाकीत शिरावं लागतं, किंवा भरलेलं पेट्रोलच खराब असावं लागतं. ते दवाच्या थेंबांचं काम नव्हे.

आता तिसरा मुद्दा, आणि खरा दम आहे तो यातच. पंप तापतो हा.

जुन्या फियाटमध्ये पंप इंजिनाला लावलेला असायचा, इंजिनाच्याच गतीवर चालायचा आणि टाकीतून पेट्रोल ओढायचा. उन्हाळ्यात घाट चढताना काय व्हायचं, आठवतंय? ओढणाऱ्या नळीतच पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी थांबायची. मग पंपावर ओलं फडकं टाकून सगळे रस्त्याच्या कडेला बसायचे, डबे उघडायचे! (हशा) नंतर, आपल्याकडे साधारण २००० च्या सुमारास, कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शनच्या गाड्या सगळीकडे आल्या. इंजेक्शनला पेट्रोल दाबाने लागतं, साधारण तीन बार, म्हणजे आपल्या भोवतीच्या हवेच्या दाबाच्या तिप्पट. त्यासाठी विजेचा पंप आला आणि तो बसवला थेट टाकीत, पेट्रोलमध्ये बुडवून. ओढण्यापेक्षा ढकलणं सोपं, वाफेचा त्रास कमी, आवाज कमी. आणि चौथा फायदा असा की, पंपाच्या मोटरमधूनच पेट्रोल वाहत जातं. तेच तिला गार ठेवतं, तेच वंगणाचं काम करतं.

इथे कुणीतरी नेहमी विचारतं, 'पेट्रोलमध्ये विजेची मोटर? स्फोट होणार नाही?' होत नाही. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तरच पेटते. बंद टाकीत वाफेचं प्रमाण याच्या कितीतरी वर असतं, जळायला पुरेशी हवाच नसते. आणि मोटरच्या आत तर हवा नाहीच, नुसतं पेट्रोल.

बरं. पेट्रोल पंपाला गार ठेवतं, म्हणून पेट्रोल कमी असलं की पंप तापतो, असं म्हणतात. यात दोन गोष्टींची सरमिसळ आहे. पंप गार राहतो तो मुख्यतः *आतून वाहणाऱ्या* पेट्रोलमुळे. तो कितपत बुडालेला आहे याला दुय्यम महत्त्व. पंप पेट्रोल ढकलतोय तोवर ते त्याच्या आतून वाहतच असतं, टाकीत तीस लिटर असो की पाच. शिवाय बऱ्याच गाड्यांत पंप एका छोट्या प्लास्टिकच्या बादलीसारख्या भांड्यात बसवलेला असतो. हे भांडं भरलेलं राहावं अशी व्यवस्था असते. म्हणजे टाकी तळाला गेली तरी पंप आपल्या बादलीत बुडालेलाच.

पण समजुतीच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. पंपाला साधारण साठ वॅट लागतात, आपल्या जुन्या पिवळ्या बल्बइतके. पंप जेवढं पेट्रोल ढकलतो त्यातलं इंजिनाला थोडंच लागतं. उरलेलं फिरून टाकीत येतं, काही गाड्यांत तर इंजिनापर्यंत जाऊन, तिथली ऊब घेऊन परत येतं. ही उष्णता तीस लिटरमध्ये सहज विरते. पाच लिटरमध्ये तेवढी सहज नाही. तेव्हा कायम तळावर गाडी चालवली तर पंप थोड्या गरम पेट्रोलमध्ये काम करतो आणि त्याचं आयुष्य काहीसं कमी होऊ शकतं, हे म्हणणं मला मान्य आहे. 'काहीसं' आणि 'होऊ शकतं'. मेकॅनिकच्या तोंडी हे दोन शब्द नव्हते, आणि माझे तीन हजार त्या दोन शब्दांतच अडकले होते.

खरा घात कधी होतो? पंप हवा ओढतो तेव्हा. बादली कोरडी पडली, चढावर किंवा वळणावर पेट्रोल एका बाजूला गेलं, आणि पंपाच्या तोंडाशी हवा आली, की गारवा गेला, वंगण गेलं. पंप कोरडा फिरतो आणि झिजतो. इंजिन चुकत-माकत चालतं, न जळलेलं पेट्रोल धुराड्याकडे जाऊन तिथल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतं आणि तो भलताच तापतो. डिझेलचं तर विचारूच नका. आताच्या डिझेल गाड्यांत हजार-दीड हजार बार आणि त्याहूनही जास्त दाब तयार करणारा पंप असतो, त्याला वंगण म्हणून डिझेलच. तो कोरडा फिरला तर धातूचा चुरा होऊन पार इंजेक्टरपर्यंत जाऊ शकतो. शिवाय नळ्यांतली हवा काढत बसावं लागतं ते वेगळंच. डिझेलवाल्यांनो, तुमच्यासाठी मी नियम सोपा ठेवतो, संपू देऊ नका.

लक्षात आलं ना? *कमी* असणं आणि *संपणं* या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण दोन्हींना 'रिझर्व्हवर चालवणं' म्हणतो, आणि संपण्याचे दोष कमीच्या माथी मारतो.

आता कमी म्हणजे किती? मिलेटसच्या युब्युलिडीसच्या नावावर ढिगाऱ्याचं कोडं सांगतात. ढिगातून एक दाणा काढला तर ढीग ढीगच राहतो. मग एकेक काढत गेलं तर ढीग संपतो कधी? टाकीचंही तेच. एका थेंबाने भरलेली टाकी कमी होत नाही. म्हणून गाडी बनवणारा माणूस कुठेतरी रेघ मारतो आणि तिथे दिवा लावतो. छोट्या गाडीत पाचेक लिटर उरले असताना तो लागतो असं धरा. तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत असतो, तो वाचा. गाडीची पुस्तिका हा आपल्याकडचा सर्वांत दुर्लक्षित ग्रंथ आहे. रेघेच्या या बाजूला सुरक्षित, त्या बाजूला विनाश, असं काही नसतं. घाटात दिवा लागतो आणि विझतो, कारण टाकीतला तरंगता गोळा हलतो. गाडीची प्रकृती काही क्षणाक्षणाला बदलत नसते.

हे झालं यंत्राचं. आता माझ्या अनुमानाकडे येतो.

मेकॅनिकला दोन गोष्टी कळल्या होत्या असं मी धरून चाललो. पंप मेलाय, हे त्याने मीटर लावून बघितलं. ते प्रत्यक्ष. पण तो का मेला, हे त्याने बघितलेलं नव्हतं. तो त्याचा तर्क होता. माणूस जाणकार असला की त्याचं प्रत्यक्ष आणि त्याचा तर्क आपण एकाच पिशवीत भरून घरी आणतो. डॉक्टरांकडून आणतो, वकिलांकडून आणतो, आणि प्राध्यापकांकडूनसुद्धा! (हशा)

शिवाय तो प्रश्न कुणाला विचारतो? ज्याचा पंप गेलाय त्यालाच. आणि दिवा लागलेला असताना कधीच गाडी चालवली नाही, असा माणूस या सभागृहात तरी आहे का? हात वर करा. एक... काकू, तुम्ही? तुम्ही गाडी चालवत नाही, मग ते धरायचं नाही. (हशा) म्हणजे उत्तर बहुतेक वेळा 'हो'च येणार. ज्यांनी वर्षानुवर्षं काटा खाली ठेवला आणि ज्यांचा पंप ठणठणीत आहे, ते गॅरेजमध्ये येतच नाहीत. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली की आपण कावळ्याला धरतो. इथे तर कावळा रोजच येऊन बसत होता.

न्यायशास्त्रात याला नीट शब्द आहेत. 'जिथे रिझर्व्ह, तिथे पंप जातो' अशी व्याप्ती मांडली, तर रोज दोनशे-तीनशेचं पेट्रोल टाकून वर्षानुवर्षं चालणाऱ्या गाड्या समोर उभ्या राहतात. पंप जात नाही. याला व्यभिचार म्हणतात. हसू नका, पारिभाषिक शब्द आहे. मग शोधायची ती उपाधी, म्हणजे ज्या अटीमुळे तो संबंध कधी जुळतो आणि कधी जुळत नाही, ती छुपी अट. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहात उदाहरण आहे. जिथे अग्नी तिथे धूर, असं म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धुरासाठी इंधन ओलं असावं लागतं. ओलं इंधन ही उपाधी. योगायोग बघा, शास्त्रातलं जुनं उदाहरणही इंधनाचंच निघालं.

माझ्या गाडीत उपाधी कोणती होती? जुना पंप मेकॅनिकने पिशवीत घालून दिला होता, तो डिकीत तसाच पडून होता. सात-आठ महिन्यांनी डिकी आवरताना पिशवी हाताला लागली. तोपर्यंत मी पुस्तिका वाचली होती. बघतो तर तोंडाची जाळी काळीकुट्ट, बुजलेली. बिलांची फाइल काढली. अकरा वर्षांत फिल्टर एकदाही बदललेला नव्हता. दर सर्व्हिसिंगला 'फक्त ऑइल बदला, बाकी राहू द्या' असं सांगणारा इसम मीच. बुजलेल्या जाळीतून पेट्रोल ओढताना पंपाची दमछाक होते, आतून वाहणारं पेट्रोल कमी पडतं, म्हणजे त्याचा गारवाच आटतो. ते तसंच घडलं हे मी सिद्ध करू शकत नाही. पण मुलाविरुद्ध जेवढा पुरावा होता, त्याहून माझ्याविरुद्ध नक्कीच जास्त होता.

आणि काटा खाली का असायचा? कारण मी त्याच्या हातात पाचशेची एक नोट द्यायचो. हिशोब ठेवायला बरं, म्हणून. तेव्हा पाचशेत सहा लिटरच्या आसपास पेट्रोल यायचं. त्या नोटेत टाकी वर जाणार कशी? ही गोष्ट मला दिसत नव्हती असं नाही. रोज माझ्याच हातातून जात होती.

त्याला शोधून फोन केला, तीन हजार परत केले. विचारलं, 'अरे, तेव्हा बोलला का नाहीस?' म्हणाला, 'सर, मेकॅनिक बोलला ना. मला वाटलं, चूक माझीच असणार.' खाली घातलेल्या मानेला मी कबुली समजलो होतो. त्याने मेकॅनिकच्या शब्दावर माझ्याइतकाच विश्वास ठेवला होता, फरक एवढाच, की पगार त्याचा कापला गेला.

हे ऐकून कुणी रिझर्व्हवर खुशाल फिरायला लागू नका. पंपाची काळजी मी कमी केली, ती दुसरीकडे वळवायची आहे. बोरघाटात एक्स्प्रेसवेवर चढावर पेट्रोल मागे सरकतं, इंजिन अचानक बंद पडतं. बंद पडल्याबरोबर स्टिअरिंग जड होतं. ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांपुरती उरते, मग पाय रोवून दाबावं लागतं. आणि तुम्ही भर लेनमध्ये उभे, मागून कंटेनर येतोय. पंप नवा मिळतो, साडेसात हजारांना. ताम्हिणीसारख्या घाटात शिरताना तर टाकी आधीच भरून घ्या. तिथे पुढे पंप लवकर लागत नाही, आणि मोबाइलला रेंजही नसते.

वेळ झालेली आहे. प्रश्न घेऊ.

*श्रोता: मग टाकी कायम फुल ठेवावी का? वजनामुळे अ‍ॅव्हरेज कमी होतं म्हणतात.*

तीस लिटर पेट्रोलचं वजन बावीस-तेवीस किलो. सात-आठ वर्षांच्या नातवाएवढं. नातवाला गाडीत बसवताना आपण अ‍ॅव्हरेजचा विचार करत नाही. पण फुल म्हणजे नळी आपोआप बंद होईपर्यंत. त्यानंतर 'शंभर पूर्ण करा' म्हणून ठेचून भरू नका. टाकीची वाफ पकडायला कोळशाचा एक डबा असतो, त्यात पेट्रोल शिरतं आणि तो खराब होतो. मी स्वतः पाव टाकी उरली की भरतो. त्याला शास्त्र नाही, सवय आहे.

*श्रोता: माझी गाडी सीएनजीवर आहे. पेट्रोलच्या टाकीत दोन लिटरच असतं, महिनोन्‌महिने. चालेल?*

हा आजचा सर्वांत चांगला प्रश्न आहे. नाही चालणार. काही गाड्यांत सीएनजीवर चालतानाही पेट्रोलचा पंप फिरतच राहतो, तेच दोन लिटर पेट्रोल गोल गोल फिरवत आणि तापवत. तुमच्या गाडीत तो बंद होतो की नाही, हे किट बसवणाऱ्याला विचारा. शिवाय महिनोन्‌महिने पडलेलं पेट्रोल शिळं होतं. गाडी सुरू मात्र बहुधा पेट्रोलवरच होते. तेव्हा आठ-दहा लिटर ठेवा, अधूनमधून थोडं पेट्रोलवरही चालवा. आणि गाडी दुसरं कुणी चालवत असेल, तर पैसे तेवढे देऊन ठेवा.